'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट'

कॅन, मे, मस्ट, शॅल, विल, शुड ही इंग्रजीतील सहायक क्रियापदे दिसायला किरकोळ आहेत. ती स्वतः कोणतीही क्रिया सांगत नाहीत. सांगितलेली क्रिया ही आज्ञा आहे, मुभा आहे, शक्यता आहे की नुसता तर्क, एवढेच ती ठरवितात. व्यवहारात मात्र पुष्कळदा सारे अडते ते तेवढ्यावरच. त्यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला 'टु' लागत नाही, कर्ता 'ही' किंवा 'शी' असला तरी अंती 'एस' येत नाही, हे नियम शाळेत सर्वांनी घोकलेले असतात. चुका होतात त्या अर्थाच्या, आणि त्याही विशेषेकरून नकारात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचेच उदाहरण घ्या. 'यू मस्ट टेक धिस टॅब्लेट' आणि 'यू हॅव टु टेक धिस टॅब्लेट' यांत फारसा भेद नाही. गोळी घेतलीच पाहिजे. परंतु हीच वाक्ये नकारार्थी केली की त्यांच्या वाटा पार वेगळ्या होतात. 'मस्ट नॉट टेक' म्हणजे गोळी घेता कामा नये. 'डू नॉट हॅव टु टेक' किंवा 'नीड नॉट टेक' म्हणजे गोळी घ्यायलाच हवी असे नाही. घेतली तरी हरकत नाही. एकात निषेध आहे, दुसऱ्यात सुटका. आपण बोलताना दोहोंसाठी 'घ्यायला नको' असे सर्रास म्हणतो, आणि तेच मनात धरून इंग्रजी लिहिणारा मनुष्य सुटकेच्या जागी निषेध लिहून बसतो. उलट, मनाई असताना ती सूट समजून कोणी गोळी घेतली, तर जिवाशीच गाठ!

वस्तुतः हा भेद मराठीला परका नाही. 'जावे लागत नाही' यात जाण्याची मनाई नाही. 'जाऊ नये' यात ती आहे. तेव्हा 'हॅव टु'ची सांगड 'लागणे' या क्रियापदाशी घालावी व 'मस्ट नॉट'ची 'कामा नये'शी. 'मस्ट म्हणजे पाहिजे' एवढे पाठ करून थांबणे हेच, माझ्या मते, सर्व गोंधळाचे मूळ होय.

भूतकाळात तर अधिकच जपावे लागते. 'ही हॅड टु पे' म्हणजे त्याला पैसे भरावे लागले, अर्थात ते भरले गेले. 'ही मस्ट हॅव पेड' म्हणजे भरले असावेत. हा बोलणाराचा तर्क. 'ही शुड हॅव पेड' म्हणजे भरायला हवे होते, आणि भरले नाहीत हा ठपका त्यातच आला. थकबाकीच्या पत्रव्यवहारात कारकुनाने यांतील एक वाक्य दुसऱ्याच्या जागी घातले, तर फेडलेले कर्ज पुन्हा डोक्यावर उभे राहते.

कायद्याच्या भाषेत 'शॅल' भविष्यकाळ दाखवीत नाही, आदेश देते. आपल्या संविधानाच्या ५२ व्या अनुच्छेदात राष्ट्रपतिपदाची तरतूद याच क्रियापदाने केली आहे. ते भाकीत नव्हे. तरीही या शब्दाविषयी कायदेपंडितांत एकमत नाही. अमेरिकेतील संघीय न्यायालयांचे दिवाणी नियम २००७ साली नव्या भाषेत लिहिले गेले, तेव्हा 'शॅल' संदिग्ध ठरवून काढण्यात आले आणि संदर्भानुसार 'मस्ट', 'मे' किंवा 'शुड' घालण्यात आले. वस्तुस्थितीबद्दल खरा वादच नसेल, तर पूर्ण सुनावणीवाचून निकाल देण्याची सोय तेथील ५६ व्या नियमात आहे. त्यात 'शुड' आले. मग असा निकाल देणे न्यायाधीशाला बंधनकारक की ऐच्छिक, ही शंका उभी राहिली, आणि २०१० साली त्या नियमापुरते 'शॅल' परत आणावे लागले.