पियानो कुठे बसवला आहे?

संगीतकार मान्युएल दे फाल्याच्या ‘नोचेस एन लोस हार्दिनेस दे एस्पान्या’चं, म्हणजे ‘स्पेनच्या उद्यानांतल्या रात्रीं’चं, एखादं ध्वनिमुद्रण नव्याने हाती आलं की मी आधी एकच गोष्ट ऐकतो. यात पियानो कुठे बसवला आहे? तो वाजवला कसा आहे, हे त्यानंतर.

कारण पियानो आणि ऑर्केस्ट्रा एकत्र असले, तरी हा कॉन्चेर्टो नव्हे. फाल्याने पॅरिसमध्ये १९०९च्या सुमारास ही रचना हाती घेतली ती नुसत्या पियानोसाठी. तिला ऑर्केस्ट्राची जोड द्यावी असं पियानोवादक रिकार्दो विन्येसने सुचवलं, आणि पुढे ती त्यालाच अर्पण झाली. ९ एप्रिल १९१६ रोजी माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये ती पहिल्यांदा वाजली तेव्हा पियानोवर होसे कुबिलेस होता आणि कंडक्टर होता एन्रिके फर्नांदेस आर्बोस. फाल्याने तिला नाव दिलं ‘सिम्फॉनिक इम्प्रेशन्स’. एकल वादकाने मिरवावं आणि ऑर्केस्ट्राने मागून साथ करावी, हा मामला इथे नाही.

सुरुवातच ऐका. ग्रानादाच्या हेनेरालिफे बागेचं नाव पहिल्या भागाला आहे. व्हायोला घोडीजवळ गज थरथरवत एक धून काढतात आणि हार्प तिच्यात मिसळलेला असतो. धून जेमतेम दोन-तीन स्वरांभोवती घुटमळते. पुढे जाते, परत येते. आवाज थोडा खरखरीत, पातळ. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तो गोड करून टाकला असेल तर तिथेच काहीतरी हरवतं. मग पियानो येतो, आणि तो या धुनेच्या अंगातूनच निघाल्यासारखा वाटला पाहिजे. तो अचानक कानाशी येऊन उभा राहिला तर माझ्या लेखी ते ध्वनिमुद्रण तिथेच निम्मं बाद.

मराठी कानाला या संगीतात शिरायला एक वाट आयती आहे. अंदालुसियाच्या गाण्यात कोमल रिषभावरून षड्जावर उतरण्याची जी ओढ आहे ती भैरवी ऐकत वाढलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. मात्र तिथे गंधार कधी कोमल तर कधी शुद्ध लागतो, म्हणून भैरवी म्हणून ऐकायला बसलात तर मध्येच ठेच लागेल. ती लागू द्यावी.

खरी गंमत पियानोच्या अडचणीत आहे. कान्ते होन्दो हे अंदालुसियाचं गाणं मींडेवर आणि हरकतींवर जगतं; पियानोला मींड नाही. फाल्याने यावर जे उपाय काढले ते तिसऱ्या भागात, कोर्दोबाच्या डोंगरातल्या बागांत, अगदी जवळून ऐकू येतात. दोन्ही हात एकच चाल सप्तकाच्या अंतराने वाजवतात, खाली आधाराला जवळजवळ काही नसतं. मुख्य स्वराआधी झटकन कणस्वर येतात, एकच स्वर पुन्हा पुन्हा ठोकला जातो. वादकाने हे कणस्वर नाजूक नक्षी म्हणून वाजवले तर गाणं संपलंच. ते गळ्यातून निघाल्यासारखे, जरा ओढून, घासून यावे लागतात. मी हीच जागा तीन-चार ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकतो. त्याआधी सगळ्यांचा आवाज कानाने सारखा करून घेतो, कारण जे मोठ्याने वाजतं ते उगाचच जास्त चांगलं वाटतं. हे पथ्य पाळलं नाही तर तुलनेला काही अर्थ उरत नाही.

आर्थर रूबिनस्टाइनने १९५७मध्ये एन्रिके होर्दा आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण मला आवडतं, पण त्यात पियानो पुढे आहे. नाचाच्या जागा झगमगतात, रात्र मात्र थोडी कमी पडते. क्लारा हास्किल एरवी मोत्सार्टसाठी नावाजलेली. इगोर मार्केविच आणि लामूरो ऑर्केस्ट्राबरोबर तिने ही रचना १९६०मध्ये ध्वनिमुद्रित केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती गेली. तिचा पियानो कमी बोलतो, स्वच्छ बोलतो, आणि दुसरा भाग संपून न थांबता तिसरा सुरू होतो तिथे ती अजिबात घाई करत नाही.

तरीही मी पुन्हा पुन्हा वळतो ते आलिसिया दे लारोचाकडे. बार्सेलोनाची ही बाई उंचीला पाच फुटांपेक्षा कमी, हातही लहान. तिचे गुरू फ्रँक मार्शल हे संगीतकार ग्रानादोसचे शिष्य. म्हणजे घराणं अस्सल. (हा ग्रानादोस जर्मन पाणबुडीने ‘ससेक्स’ बोटीवर केलेल्या हल्ल्यात २४ मार्च १९१६ रोजी गेला, माद्रिदच्या त्या पहिल्या प्रयोगाच्या सुमारे दोन आठवडे आधी.) तिने ही रचना एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित केली. त्यांतलं १९८३चं, राफाएल फ्रूबेक दे बुर्गोस आणि लंडन फिलहार्मोनिकबरोबरचं, माझ्या मते सर्वांत समतोल आहे. पियानो ऑर्केस्ट्राच्या आत बसलेला आहे, तरी त्याचा एकही कणस्वर बुजत नाही. तिची लय ताठ नाही आणि सैलही नाही. नाचणाऱ्याला पाय टाकता येईल अशी आहे. याच तबकडीवर आल्बेनिसची ‘राप्सोदिया एस्पान्योला’ आणि तुरिनाची ‘राप्सोदिया सिन्फोनिका’ आहेत. आल्बेनिसची रचना वरवरची वाटते. तुरिनाची, पियानो आणि फक्त तंतुवाद्यांसाठीची, छोटी असूनही जास्त टिकते.

नव्याने ऐकणाऱ्यांनी लारोचा-फ्रूबेकपासून सुरुवात करावी, मग हास्किल, आणि रूबिनस्टाइन शेवटी. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. हार्प, सेलेस्टा आणि खालचे तंतुवाद्यांचे स्वर त्यात पोचतच नाहीत. सगळी रचना पंचवीस मिनिटांच्या आत संपते, तेवढा वेळ चांगला हेडफोन लावून सलग बसा.