चिविता जुलियाना : तीन बाजांची खोली

पॉम्पेईच्या तटबंदीपासून वायव्येला जेमतेम 700 मीटरवर चिविता जुलियाना लागतं. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा इथे कुणा धनिकाचा मळ्यातला वाडा होता. चोरांनी वर्षानुवर्षं भुयारं खणून तो पोखरला. त्यांना आवर घालण्यासाठी 2017 मध्ये उत्खनन सुरू झालं; तबेला सापडला, त्यातले घोडे सापडले, आणि 2021 च्या आरंभी ब्राँझच्या नक्षीचा चारचाकी रथ हाती आला. जगभर फोटो छापले गेले ते रथाचे. मला मोलाची वाटते ती त्याच वर्षी नोव्हेंबरात, रथाजवळच उजेडात आलेली गुलामांची खोली.

जागा सोळा चौरस मीटर, म्हणजे सुमारे 170 चौरस फूट. भिंती कोऱ्या, उजेडाला वर एक झरोका. लाकूड, दोर, कापड केव्हाच कुजून गेलं होतं. पण भोवतीची राख घट्ट झाल्यामुळे त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. जुझेप्पे फिओरेल्ली यांनी 1863 मध्ये मृतदेहांसाठी वापरलेल्या पद्धतीनेच त्यांत प्लास्टर ओतलं, आणि तीन खाटा उभ्या राहिल्या. थेट आपल्या बाजेसारख्या : ओबडधोबड फळ्यांची चौकट, दोरांची वीण, वर टाकलेली कांबळी. विणीचे ठसेसुद्धा दिसतात. खाटांखाली मडकी आणि लघवीचं भांडं, कोपऱ्यात रचलेल्या आठ उंच सुरया, पेटीत घोड्याच्या साजाचे तुकडे, आणि एका खाटेवर चक्क रथाचा दांडा टेकवलेला. माणसं झोपत तीच अडगळीची खोली होती.

दोन खाटा 1.70 मीटर लांब आहेत. तिसरी 1.40. ती मुलाची असावी आणि इथे बहुधा एक कुटुंब राहत असावं, असं संशोधकांना वाटतं. रोमन कायदा गुलामांच्या लग्नाला लग्न मानत नसे. गुलाम बाईच्या पोटी आलेलं मूल जन्मतःच मालकाच्या मालकीचं. ठेवायचं की विकायचं, हे तोच ठरवी.

2023 मध्ये आणखी एक खोली उघडली. तिथे एक बाज अशीच साधी, दुसरी मात्र पाठ टेकायला फळी असलेली, बरी. भांड्यांत उंदरांचे सांगाडे. या खोल्यांत गज, कुलूप, साखळी असं काहीच सापडलं नाही. गुलामांतल्याच काहींना थोड्या सवलती देऊन, कुटुंबासह राहू देऊन त्यांच्याकरवी इतरांवर नजर ठेवली जात असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो वाचल्यापासून ती आखूड बाज माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लेकरू आत झोपलेलं असताना आई एकटी पळून जाईल कुठे?

शहरात वेगळी तऱ्हा होती. 2023 च्या अखेरीस जाहीर झालेल्या पॉम्पेईतल्या एका भटारखान्यात गुलाम आणि जात्याला जुंपलेली गाढवं एकत्र कोंडलेली असत. रस्त्यावर उघडणारं दार नाही, लहानशा खिडक्यांना लोखंडी गज. डोळे बांधलेल्या गाढवांची पावलं चुकू नयेत म्हणून फरशीत खाचे केलेले आहेत.

चिविता जुलियानाच्या वाड्यातच 2020 मध्ये दोन पुरुषांचे अवशेष मिळाले. त्यातला एक 18 ते 25 वर्षांचा, अंगात आखूड अंगरखा. एवढ्या वयात त्याचे मणके दबले होते, कष्टाच्या कामांनी. म्हणून तो गुलाम असावा असं मानतात. त्याची उंची सुमारे 1.56 मीटर. मोठ्या बाजेत तो सहज मावला असता.