वाचता येईल असा कोड

कोड सुबक आहे की गचाळ, याच्याशी कॉम्प्युटरला देणेघेणे नसते. व्याकरण बरोबर असले की कंपायलर तो मुकाट्याने स्वीकारतो. अडचण येते ती माणसांना. कंपनीत एकदा लिहिलेला कोड पुढे वर्षानुवर्षे निरनिराळे लोक उघडतात, कोणी बग शोधायला, कोणी नवे फीचर घालायला. मूळ लिहिणारा तोवर बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. मग 'टेम्प२' नावाच्या व्हेरिएबलमध्ये व्याजदर आहे की थकबाकी, हे शोधण्यातच दुपार जाते.

फेब्रुवारी 2014 मध्ये अॅपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती पाठवली. वेबसाइट खरी आहे ना, हे तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली 'इफ'च्या अटीखाली होती. दुसरी अटीबाहेर होती, पण तितकीच आत सरकवून लिहिल्याने तीही अटीखालचीच वाटे. अटीखाली कोणत्या ओळी येतात हे दाखवणारे महिरपी कंस नव्हतेच. त्यामुळे तोवरच्या तपासणीत काही चूक सापडली नसली तरी कोड पुढची पडताळणी गाळून थेट शेवटी उडी मारी आणि सारे ठीक असल्याचे सांगे. ही चूक सुमारे दीड वर्ष तशीच होती. दोन्ही ओळी कंसात असत्या तर दुसरी निरुपद्रवी ठरली असती. कंसांचा आग्रह म्हणजे नुसती टापटिपीची हौस नव्हे, ते यामुळेच.

वापरात नसलेला कोड तसाच ठेवणे हाही गचाळपणाच. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने 2003 पासून न वापरलेला कोड काढला नव्हता. नव्या सुविधेसाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोड चालू करणारी खूण) वापरला गेला आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. 1 ऑगस्ट 2012 रोजी तिथे जुना कोड जागा झाला. 45 मिनिटांत शेअर बाजारात सौद्यांचा धडाका उडाला आणि कंपनीला 46 कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

घाईत उरकलेल्या, सफाई राहून गेलेल्या कामाला प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1992 मध्ये कर्जाची उपमा दिली. डेडलाइन गाठली जाते, पण पुढच्या प्रत्येक बदलात व्याज भरावे लागते. उपाय माहितीतले आहेत: अर्थपूर्ण नावे, छोटी फंक्शन्स, टेस्ट आणि दुसऱ्याने केलेला कोड रिव्ह्यू. पुणे-बेंगळुरूच्या कितीतरी टीम परदेशी ग्राहकांच्या जुन्या प्रणाली सांभाळतात, म्हणजे दुसऱ्यांचा कोड वाचतात. त्यांच्या बिलात सफाईसाठी वेगळे तास मात्र क्वचितच धरलेले असतात.