जलपर्णी, जैवऊर्जा आणि पाणथळींचे रक्षण

लखनऊ शहरातून वाहणारी गोमती हिमनदीतून नव्हे, तर पीलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तलावातून उगम पावते. पाऊस व भूजल हेच तिचे आधार असल्याने उन्हाळ्यात प्रवाह क्षीण होतो. अशा संथ पाण्यात सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिसळले की जलपर्णी झपाट्याने पसरते. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी भारतात आणली गेली. अनुकूल स्थितीत सुमारे दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. तिच्या दाट थरामुळे सूर्यप्रकाश अडतो, पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे मरतात. म्हणून ती काढणे आवश्यकच ठरते. परंतु काढलेले ढीग काठावरच कुजू दिले, तर त्यांतील पोषकद्रव्ये पावसाबरोबर पुन्हा नदीतच जातात. जैवऊर्जेचा विचार येथून सुरू होतो.

ऊर्जानिर्मितीची प्रक्रिया

जलपर्णीत लिग्निनचे प्रमाण कमी असल्याने तिचे विघटन लवकर होते. तिचे तुकडे करून शेणात मिसळतात व हवाबंद टाकीत ठेवतात. जीवाणू प्रथम तिचे आम्लांत आणि नंतर मिथेनयुक्त वायूत रूपांतर करतात. शेणामुळे आवश्यक जीवाणू मिळतात व आम्लतेचा समतोल राखला जातो. मागे उरणारी मळी खत म्हणून वापरता येते.

या मार्गाला दोन मर्यादा आहेत. ताज्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. म्हणजे १०० टन जलपर्णीतून जेमतेम ५ टन शुष्क पदार्थ मिळतो. ती दूर वाहून नेणे परवडत नाही. प्रकल्प जलाशयाजवळच हवा. दुसरे असे की, जलपर्णी शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेते. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने जलवनस्पतींच्या या गुणधर्माचा अभ्यास केला आहे. दूषित पाण्यातील जलपर्णीची मळी तपासणीविना शेतात टाकणे म्हणजे नदीतील प्रदूषण अन्नसाखळीत नेणे होय.

निसर्गाची मर्यादा

सर्व जलवनस्पती उपद्रवी नसतात. लव्हाळे, पाणकणीस व नड या देशी वनस्पती गाळ अडवितात, काठ धरून ठेवतात व पक्ष्यांना आसरा देतात. उत्तर प्रदेशचा राज्यपक्षी सारस याच वनस्पतींनी उथळ पाण्यात घरटे बांधतो. लखनऊ-कानपूर मार्गावरील नवाबगंज पक्षी अभयारण्यास २०१९ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी सरसकट कापणी घातक ठरेल. पावसाळा हा सारस व कमळपक्षी यांच्या विणीचा हंगाम असल्याने त्या काळात यंत्रे दूर ठेवावीत आणि देशी वनस्पतींचे पट्टे राखावेत.

१९७१ च्या रामसर करारात भारत १९८२ मध्ये सहभागी झाला. ‘सुज्ञ वापर’ हे त्याचे सूत्र २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतही स्वीकारले आहे. यानुसार ऊर्जा हे स्वच्छतेचे उपफल ठरावे, उद्दिष्ट नव्हे. सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया झाली की जलपर्णी आपोआप घटेल आणि प्रकल्पाला कच्चा माल अपुरा पडेल. म्हणूनच प्रकल्पाची उभारणी शेण व भाजीबाजारातील कचरा यांच्या आधारावर व्हावी; जलपर्णी ही केवळ पूरक असावी. अन्यथा प्रकल्प चालू राहण्यासाठी नदी अस्वच्छ राहणे सोयीचे ठरेल.