फुटक्या तुकड्यांचे उद्यान

उद्यान म्हटले म्हणजे हिरवळ, फुलांचे ताटवे आणि एखादे कारंजे डोळ्यांपुढे उभे राहते. स्पेनमधील बार्सिलोना शहरात एका टेकडीवर वसलेल्या ग्वेल उद्यानात मात्र रंगांची खरी उधळण आहे ती फुटक्या फरश्यांची व चिनी मातीच्या तुकड्यांची. आईवडील, आजी व आम्ही भावंडे असे सहकुटुंब ते पाहावयास गेलो होतो.

आंतोनी गाउदी या वास्तुशिल्पज्ञाने ते रचले. पण मुळात ते सार्वजनिक उद्यान व्हावयाचेच नव्हते! एउसेबी ग्वेल या धनिक कारखानदारास येथे सधन लोकांसाठी सुमारे ६० घरांची वसाहत वसवावयाची होती. १९०० साली काम सुरू झाले. परंतु जागा दूर, जाण्यायेण्याची सोय नाही आणि विक्रीच्या अटी जाचक. अवघी दोन घरे उभी राहिली व १९१४ साली काम थांबले. त्यांपैकी एका घरात खुद्द गाउदीच कित्येक वर्षे राहिला. १९२६ साली ही जागा सर्वांसाठी उद्यान म्हणून खुली झाली.

मध्यभागी विस्तीर्ण पटांगण असून त्याच्या कडेने नागमोडी बाक गेला आहे. आजीने त्यावरून हात फिरविला आणि ती म्हणाली, "अरे, ही तर आपल्या गच्चीची फरशी!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून आमच्या बडोद्यास गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवितात, तशीच ही रीत. सबंध फरशी वळणावर बसत नाही; लहान तुकडे मात्र हव्या त्या बाकाशी जुळवून घेतात. गाउदीचा सहकारी जुजोल याने या तुकड्यांतून रंगांची नक्षी साधली. टाकून दिलेल्या बशाही त्यास वर्ज्य नव्हत्या.

आम्हांस अधिक नवल वाटले ते पाण्याच्या योजनेचे. टेकडी कोरडी, म्हणून पावसाचे पाणी वाया जाऊ द्यावयाचे नाही. पटांगणाची जमीन फरसबंद नाही; ती पाणी शोषून घेते. खाली मोठे दालन असून त्याच्या ८६ खांबांवर या पटांगणाचा काही भाग पेललेला आहे. जमिनीत मुरलेले पाणी गाळले जाऊन खांबांच्या पोटातील नळांवाटे तळच्या टाक्यात उतरते. या टाक्यात सुमारे १२ लाख लिटर पाणी मावते. जिन्यावरील रंगीबेरंगी सरड्यासारख्या प्राण्यापुढे छायाचित्रासाठी नेहमी झुंबड असते. पण टाके भरून वाहू लागले की जादा पाण्यास वाट मिळावी, हे त्याचे खरे काम, हे किती जणांस ठाऊक असेल?

खांबांच्या त्या दालनात वसाहतीतील रहिवाशांचा बाजार भरावयाचा होता. वसाहतच झाली नाही, तेव्हा बाजार कोठला! आम्ही गेलो तेव्हा तेथील गार सावलीत मुले खांबांआडून लपंडाव खेळत होती.