लग्नकार्याचा खर्च आणि घरची वही

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. या दोन कार्यांत मनुष्याचा अंदाज हटकून चुकतो, हा तिचा अर्थ. परंतु या दोहोंत एक भेद आहे, तो म्हणींत आलेला नाहीं. घराच्या खर्चाचें निदान घर तरी मागें उरतें. लग्नाच्या खर्चापैकीं पुष्कळसा भाग दुसरे दिवशीं सकाळीं मांडववाला गाडींत भरून घेऊन जातो. आमच्या एकत्र कुटुंबांत गेल्या वीस-बावीस वर्षांत तीन लग्नें झालीं. तिहींच्या हिशेबाच्या वह्या आमच्याच हस्ताक्षरांत आहेत. त्या समोर ठेवून, ज्यांच्या घरीं आज मुलामुलींचीं लग्नें ठरावयाचीं आहेत अशा वाचकांसाठीं चार शब्द लिहावे, असें मनांत आलें.

पहिली वही २००३ सालची. थोरल्या बंधूंच्या कन्येचें लग्न त्या वर्षीं झालें. हुंड्याची गोष्ट कोणीं काढिली नाहीं. वरपक्षाची मंडळी सुशिक्षित व सज्जन होती. “आम्हांला कांहीं नको, दोन्ही अंगांनीं लग्न तेवढें थाटांत करून द्या,” एवढेंच वरपिता म्हणाले. हें ‘तेवढें’ केवढें होतें, तें पुढें कळलें. जेवणाचीं पानें सातशें झालीं. सीमांतपूजनाचें जेवण निराळें, जानवसा निराळा, विहिणींचे मानपान निराळे. आमच्या वहींत खर्चाची बाजू पैन् पै लिहिलेली आहे. जमेच्या बाजूस मात्र ‘थोरल्या बंधूंकडून’ एवढेच शब्द आहेत. तें द्रव्य आलें कोठून, हें आम्हीं विचारिलें नाहीं व त्यांनीं सांगितलें नाहीं. तीन भाऊ एका चुलीवर जेवणारे. पण भविष्यनिर्वाह निधि रिकामा करून वर कर्जहि काढिलें आहे, ही गोष्ट आम्हांस कळली ती निवृत्तीनंतर बंधु घरीं शिकवण्या घेऊं लागले तेव्हां. हप्ते सात वर्षें चालले. वहिनींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यापायीं दोन वर्षें पुढें गेली. हें पुतणीच्या कानीं पडलें तेव्हां ती आम्हांस म्हणाली, “काका, तेव्हां मला कोणी विचारलें असतें, तर निम्म्या लग्नांतहि मी सुखी झालें असतें.” तिला कोणीं विचारलेंच नव्हतें. त्या दिवशीं आम्हीं ती वही पुन्हां उघडली, आणि जमेच्या बाजूकडे पाहावेना.

आपला संस्कार खरोखर किती द्रव्य मागतो, हें पाहावें म्हणून आम्हीं आश्वलायन गृह्यसूत्रांतलें विवाहप्रकरण पुन्हां वाचलें. सामग्री पाहावी तर ती कोणत्याहि घरांत सांपडण्यासारखी : अग्नि, त्याच्या पश्चिमेस पाटा, ईशान्येस पाण्याचा कुंभ, तूप आणि लाह्या. विधि पाहावा तर पाणिग्रहण, अग्निप्रदक्षिणा, अश्मारोहण, लाजाहोम व सप्तपदी. विशेष हा कीं, देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार निरनिराळे असतात, हें सूत्रकार आरंभींच मान्य करितात. सीमांतपूजन, रुखवत, विहिणींची पंगत, झाल हे आपले लोकाचार होत. त्यांत गोडी आहे, घरच्या बायकांच्या हातची कला आहे. ते टाकावे असें आम्ही म्हणत नाहीं. पण सोईप्रमाणें त्यांचा संक्षेप करितां येतो, आणि तसा केल्यानें विवाहाला तिळमात्र उणेपणा येत नाहीं.

कायद्याचें सांगणेंहि याहून फारसें निराळें नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें विवाह उभय पक्षांपैकीं एकाच्या रूढ विधींनीं लागतो, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातवें पाऊल पडतांच तो पूर्ण होतो. विवाह म्हणजे नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं एका निकालांत स्पष्ट बजाविलें. हुंडा देणें व घेणें हे दोन्ही १९६१ च्या कायद्यानें गुन्हे ठरले असून, त्यांस आज किमान पांच वर्षें कैदेची शिक्षा सांगितली आहे. अल्पखर्चाच्या विवाहाची चाल तरी आपल्या प्रांताला नवी कोठें आहे? जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनें पहिला विवाह लागला तो २५ डिसेंबर १८७३ रोजीं, आणि तोहि अगदीं थोडक्या खर्चांत. हा धडा आम्हां पांढरपेशा म्हणविणाऱ्या घरांनीं उशिरां कां होईना, घेण्याजोगा आहे.

आमच्या घरानें तो घेतला, पण सक्तीनें. दुसरी वही २०२१ ची, आणि ती अवघी दोन पानांची आहे. करोनाच्या सांथीमुळें एप्रिलमध्यें सरकारनें लग्नास २५ माणसें व दोन तास अशी मर्यादा घातली. धाकट्या बंधूंच्या मुलाचें लग्न त्याच सुमारास ठरलेलें होतें. कार्य आमच्याच दिवाणखान्यांत झालें. अंतरपाट धरावयास दोघे भाऊ, मंगलाष्टकें म्हणावयास आम्ही, आणि नागपूरची आत्या मोबाइलच्या पडद्यावरून अक्षता टाकीत होती. ते दिवस सुखाचे नव्हते. कित्येक घरांवर दुःखाची छाया होती, आणि कोणाच्याहि मनांत समारंभ नव्हता. धाकटी भावजय तर रडली, “माझ्या एकुलत्या मुलाचें असें लग्न!” म्हणून. आज तीच सांगते कीं, सप्तपदीचा अर्थ गुरुजींनीं एकेक पाऊल थांबून समजाविला, तो जन्मांत प्रथमच त्या दिवशीं तिच्या कानावर पडला. मोठ्या कार्यालयांत त्या वेळीं आपण पाहुण्यांच्या पंगतींत वाढीत असतों.

परंतु निर्बंध उठतांच गाडी पूर्वपदावर आली, नव्हे, पुढें गेली. साखरपुडा हेंच आतां लहानसें लग्न झालें. मेंदी व संगीत यांचे स्वतंत्र दिवस, लग्नापूर्वीं गडावर किंवा समुद्रावर जाऊन काढावयाचीं छायाचित्रें, परगांवच्या हॉटेलांतलें लग्न, आणि या सर्वांची व्यवस्था पाहणारे निराळे व्यावसायिक! शेजारच्या घरीं झालें म्हणून आपल्या घरीं, आणि आपल्या घरीं झालें म्हणून पलीकडच्या घरीं, अशी ही सांथ पसरते.

तिसरी वही २०२४ ची, आमच्या स्वतःच्या कन्येच्या लग्नाची. या खेपेस वही मुहूर्तापूर्वीं उघडली. कार्यालय ठरविण्याच्या आधीं दोन्ही कुटुंबें आमच्या घरीं एकत्र बसलीं. मुलगा-मुलगी अर्थातच होतीं. पहिल्या पानावर, खर्चाच्या आधीं, जमा लिहिली : दोन्ही घरांनीं साठविलेली व वधूवरांनीं स्वतः बाजूस ठेविलेली रक्कम. कर्जाचें घर कोरें ठेवावयाचें, असा पहिला ठराव झाला. त्याचें कारण आम्हीं जन्माच्या संवयीप्रमाणें गणित घालून सांगितलें. दहा लाख रुपये दरसाल दरशेंकडा १२ दरानें पांच वर्षांकरितां काढिले, तर मासिक हप्ता सुमारें २२,२४५ रुपये होतो, आणि एकंदर फेड १३ लाख ३५ हजारांच्या घरांत जाते. म्हणजे वरचे ३ लाख ३५ हजार रुपये न जेवलेल्या पाहुण्यांसाठींच खर्ची पडले म्हणावयाचे!

दुसरा ठराव पाहुण्यांच्या संख्येचा. खर्चाचें मूळ येथेंच आहे. दर पानीं ६०० रुपये धरले, तर चारशें पानांस २ लाख ४० हजार आणि दीडशें पानांस ९० हजार होतात. शिवाय पाहुणे कमी झाले कीं कार्यालय लहान पुरतें, आमंत्रणपत्रिका व भेटवस्तु कमी लागतात. याद करितांना आम्हीं एकच कसोटी लाविली : गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या सुखदुःखास आपण गेलों किंवा जे आपल्याकडे आले, त्यांस बोलवावें. दोन्हीकडचीं मिळून एकशें साठ नांवें झालीं. सर्व खर्च निम्मा-निम्मा, आहेर कोणीं आणूं नये, मानपानाच्या साड्या दोन्हीकडून बंद, हें त्याच बैठकींत ठरलें.

तिसरी गोष्ट मुहूर्ताची. रविवारीं व दाट लग्नसराईंत कार्यालयाचें भाडें चढतें. आडवारीं तेंच कमी होतें. कांहीं पंचांगांत गौणकालांतले मुहूर्तहि दिलेले असतात. गुरुजींस विचारल्यास ते सांगतात. आम्हीं बुधवारचा मुहूर्त धरला. चौथी गोष्ट सोन्याची. नव्या दागिन्यावर घडणावळ व तीन टक्के कर द्यावा लागतो, आणि दागिना मोडतांना घडणावळ परत येत नाहीं. म्हणून आजीच्या पाटल्या व गोठ तसेच उजळून दिले. नवें केलें तें मंगळसूत्र तेवढें. दिल्याघेतल्या वस्तूंची यादी करून दोन्ही पक्षांनीं तीवर सह्या केल्या. १९८५ च्या नियमांत तशी तरतूदच आहे, आणि तिच्यामुळें पुढें मनें स्वच्छ राहतात. विवाहाची नोंदणीहि लगोलग करून टाकिली.

हें सर्व बिनतक्रार झालें असें मात्र वाचकांनीं समजूं नये. आमच्या सौभाग्यवतींस वरातीची फार हौस. त्या दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. अखेर मुलीनेंच तोड काढिली : ती छायाचित्रांची सहल सोडील, आईनें वाजंत्री सोडावी, एक सनई मात्र असावी. सनई होती, आणि फार सुरेख वाजली. आमचे एक चुलतबंधु आमंत्रणाच्या यादींतून राहिले ते अद्याप रुष्ट आहेत. दिवाळींत आम्ही स्वतः जाऊन आलों, तरी त्यांचा राग गेलेला नाहीं. लोकांच्या बोलण्याचीहि किंमत द्यावी लागते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ती किंमत हप्त्यांनीं फेडावी लागत नाहीं, एवढें तिच्यांत सुख आहे.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति कीं, लग्न ठरतांच पत्रिका छापावयास देण्यापूर्वीं वही उघडावी, जमेची बाजू आधीं लिहावी, आणि ती सर्वांसमक्ष लिहावी. ज्या घरांत जमेची बाजू झांकलेली असते, तेथें कोणीतरी मुकाट्यानें आपलें म्हातारपण विकीत असतें. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं थोरल्या बंधूंनीं आमची तिसरी वही मागून घेतली. चष्मा लावून पहिलें पान त्यांनीं सावकाश वाचलें, कर्जाच्या कोऱ्या घरावर बोट ठेविलें, आणि कांहीं न बोलतां वही आमच्या हातीं परत दिली.