डॉक्टरलाही बोट लागते

हैदराबादला समुद्र नाही. जवळचा मच्छलीपट्टणमचा किनारा गाठायचा तरी तीनशे किलोमीटरहून जास्त जावे लागते. तरीही बेगमपेटच्या जुन्या विमानतळाजवळ रोनाल्ड रॉस यांच्या नावाची वास्तू दिसली, की मला जहाजच आठवते. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. त्यांना रक्त प्यायलेले डास हवे होते, म्हणून हुसेन खान नावाच्या रुग्णाला ते एका डासामागे एक आणा देत. पण 1881 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याआधी हेच रॉस अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटीवर डॉक्टर होते. ती आगबोट नौदलाची नव्हती. मात्र रोग कुठून शिरतो याचा माग काढणे, हे जहाजी डॉक्टरचे खरे काम पुढे त्यांच्या हातून आमच्या गावात घडले, असे मला वाटते.

जहाजी डॉक्टरच्या या कामाला जुनी परंपरा आहे. 1747 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या ‘सॅलिसबरी’वर जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीच्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबे मिळालेले दोघे आठवड्याभरात सावरले. तरी लिंबाचा रस त्या नौदलात नियमाने मिळू लागला तो 1795 मध्ये. मधली 48 वर्षे किती खलाशी हिरड्या सुजून, रक्त ओकून गेले असतील, या विचाराने आजही जीव तुटतो.

आज आपल्या भारतीय नौदलाच्या मोठ्या युद्धनौकांवर डॉक्टर असतो. लहान नौकांवर प्रशिक्षित मेडिकल असिस्टंट. सकाळी ‘सिक बे’ म्हणजे जहाजावरचा दवाखाना उघडला की चेचलेले बोट, तेलाने भाजलेला हात, घामाने चिघळलेला नायटा, इंजिनरूमच्या उकाड्याने आलेली चक्कर असे रुग्ण येतात. नंतर डॉक्टर भटारखान्यात जातो. स्वयंपाक्यांची नखे, शीतगृहाचे तापमान, पाण्यातला क्लोरीन, सगळे तपासतो. सगळ्यांचा स्वयंपाक एकाच ठिकाणी होतो. एक पातेले बिघडले तर पहाऱ्याला माणूस उरणार नाही. म्हणून ही फेरी मला शस्त्रक्रियेइतकीच मोलाची वाटते.

जखमीला हलवणे हे वेगळेच कौशल्य. उभ्या शिडीच्या अरुंद झडपेतून साधे स्ट्रेचर जात नाही. तिथे नील रॉबर्टसन स्ट्रेचर लागते: जाड कापड, त्यात शिवलेल्या लाकडी पट्ट्या. माणसाला त्यात हातांसकट गुंडाळायचे, पट्टे आवळायचे आणि दोराने उभेच वर ओढायचे. त्या वेळी त्याचा चेहरा तेवढा उघडा असतो, आणि डॉक्टर त्याच्याशी बोलत राहतो.

2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर सोळा खाटांचे रुग्णालय, सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तर ‘निरुपक’ या सर्वेक्षण नौकेचेच इस्पितळ करून ती इंडोनेशियाला पाठवली होती. बहुतेक मोठ्या नौकांवर मात्र एकच डॉक्टर. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात शिकताना शेजारी विचारायला कोणीतरी असते. भर समुद्रात पोटात दुखणारा पोरगा समोर येतो, तेव्हा अपेंडिक्स की साधा वात, हे आधी एकट्यालाच ठरवावे लागते. हेलिकॉप्टर मागवायचे का, तेही कॅप्टनला त्यानेच सांगायचे.

आणि पावसाळी समुद्रात डॉक्टरलाही बोट लागते. मळमळ गिळून, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने तो समोरच्याची नाडी बघत असतो. दाराबाहेर अजून चौघे उभे असतात.